कावळखडकाची बत्ती रोह्याला जाते

सुजय समेळ यांनी आयुष्यात एकदाच शिडी सोडली, आणि ती नेमकी सासऱ्यांची होती.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. सासरे गुणाजी भोईर माळ्यावरचा आकाशकंदील काढायला शिडीवर चढले आणि जावयाला म्हणाले, "धरा जरा." जावयाने धरली. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. मोबाइल नवा होता, तो वाजण्याचं अप्रूप होतं. सुजयने आधी एक हात सोडला, मग दुसरा, आणि शिडी सरकली. पुढची तीन-चार मिनिटं गुणाजी माळ्याच्या फळीला दोन्ही हातांनी लोंबकळत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. पाय नुसता मुरगळला, मोडला वगैरे नाही. पण त्या दिवसापासून आज एकोणीस वर्षं झाली, गुणाजींनी जावयाला एकही काम सांगितलेलं नाही.

काम न सांगणं हा काही अपमान आहे का, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने एकदा रोह्याला सुजयच्या सासुरवाडीला जाऊन बसावं. तिथे जावयाने फक्त बसायचं असतं. परवा गॅसचा रेग्युलेटर बसवायचा होता, तर गुणाजींनी पलीकडच्या आळीतून माणूस बोलावला. सुजय सिलिंडरपासून दोन हातांवर बसला होता. त्याने हात पुढे केला, तेव्हा सासरे म्हणाले, "असू दे, समेळ. तुम्ही चहा प्या." एकोणीस वर्षं ते त्याला समेळच म्हणत आलेत. पेणच्या शाळेत सुजय हेडक्लार्क आहे. तेराशे मुलांचे दाखले त्याच्या सहीने निघतात. रोह्यात मात्र त्याच्या हातात कोणी टपालात टाकायचं पत्रसुद्धा देत नाही.

आणि गुणाजी माणूस साधा नव्हे. एकतीस वर्षं ते कावळखडकावर बत्तीवाले होते. कावळखडक म्हणजे भर दर्यातला एक उघडा दगड आणि त्यावर इंग्रजांच्या काळातला उंच मनोरा, शंभर-सव्वाशे वर्षांचा. सरकार त्याला दीपगृह म्हणतं, आपली माणसं बत्ती म्हणतात. आता तिथली बत्ती आपोआप चालते, माणूस लागत नाही. गुणाजींना एकदा तिकडे जाऊन यायचं होतं. पण गुडघे गेलेले, होडीतून खडकावर उडी मारायला लागते, आणि ती मारू द्यायला कोणी तयार नाही. गेल्या वर्षी त्यांनी विषय काढला आणि गिरजाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो तिथल्या तिथे मिटवला. म्हातारा दोन दिवस जेवला नाही नीट.

यंदा आषाढात गुणाजींची पंचाहत्तरी आली, आणि सुजयच्या डोक्यात आलं की सासरे बत्तीकडे जात नाहीत तर बत्तीच सासऱ्यांकडे न्यावी. हुबेहूब प्रतिकृती. अडीच फूट. ती बघून म्हातारा एकदा तरी म्हणेल की समेळांना काम जमतं. दुसरं काही नको होतं सुजयला. शाल नको, जावयाचा मान नको, एवढं एकच वाक्य हवं होतं.

प्रतिकृती करायची तर मूळ वस्तू कशी दिसते ते कळायला हवं, आणि इथेच पहिली माशी शिंकली. घरात कावळखडकाचा एकच फोटो. त्यात गुणाजी गणवेशात ताठ उभे आहेत, आणि बत्ती बरोब्बर त्यांच्या मागे आहे, म्हणजे दिसत नाही. टोपीच्या वर फक्त मनोऱ्याचं टोक निघालेलं. बायकोला, रोहिणीला, विचारलं. ती लहानपणी दोनदा बेटावर राहून आलेली.

"अहो, एक बकरी होती," ती म्हणाली. "तिने माझी रिबन खाल्ली."

"बत्ती कशी होती?"

"बकरी पांढरी होती," रोहिणीने विचार करून सांगितलं.

इंटरनेटवर शोधलं, तर कावळखडकाच्या नावाखाली तीन निरनिराळ्या बत्त्या निघाल्या. त्यांतली एक बर्फात होती. सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती, कारण सगळं गुपचूप करायचं होतं. मग सुजय शेजारी गेला.

शेजारी नझीर मुकादम राहतात. अठरा वर्षं कुवेतच्या बंदरात क्रेन चालवून आलेले, त्यामुळे खारं पाणी जिथे जिथे आहे त्याविषयी बोलण्याचा अधिकार आमच्या आळीत त्यांचाच. त्यांनी सांगितलं, "सुजयभाऊ, बत्ती लाल-पांढरी. दुनियेत कुठेही जा, लाल-पांढरी." आतून फरझानाभाभींनी सांगितलं की आपले मामू मुरुडहून मचव्यातून मुंबईला जायचे, कावळखडक त्यांच्या रोजच्या वाटेवर होता आणि बत्ती काळी-पांढरी होती. नझीरभाई म्हणाले, मामूंना मोतीबिंदू होता. भाभी म्हणाल्या, तो नंतर झाला. पाऊण तास मामूंच्या डोळ्यांवर चर्चा झाली आणि सुजय दोन कप चहा पिऊन घरी आला. त्याने स्वतःपुरतं ठरवलं की बत्ती नुसती पांढरी करावी, पांढऱ्याबद्दल तरी दोघांचं एकमत आहे.

मापांसाठी त्याने संबंधित सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. हेडक्लार्कचं पत्र ते, विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथे. तीन आठवड्यांनी एक फॉर्म आला. त्या कार्यालयात दीपगृहासंबंधी एकच फॉर्म होता आणि त्यावर शीर्षक होतं "नवीन दीपगृह उभारणीबाबत". समेळांनी शिस्तीत तोच भरला. उंची: अडीच फूट. स्थळ: रोहे, बाजारपेठेमागे. समुद्रापासून अंतर या रकान्यात प्रामाणिकपणे "बरेच" असं लिहिलं. त्यावर कागदपत्रं काही आली नाहीत, आठ दिवसांनी एक हवालदार आला. घराच्या मागे-पुढे फिरून त्याने विचारलं, "बांधकाम कुठं हाय?" सुजयने सगळं समजावलं. हवालदाराने ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं की अर्जदार सदर दीपगृह सासऱ्यास भेट देणार आहे. सुजयने खाली सही केली. आयुष्यात प्रथमच त्याची सही पोलिसांच्या वहीत गेली होती.

आता करणार कोण? पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला गणपतीवाल्याशिवाय दुसरं कोण आठवणार. सुजय स्कूटर काढून हमरापूरला गेला. जून संपत आलेला, म्हणजे हमरापुरात माणसाला श्वास घ्यायला सवड नाही. घराघरांतून, ओट्यांवर, शेडमध्ये गणपतीच गणपती. काळुराम हा मूर्तिकार सुजयच्या शाळेतला जुना विद्यार्थी. दाखल्यावरची त्याची जन्मतारीख सुजयनेच एकदा दुरुस्त करून दिली होती, तेवढ्या भांडवलावर हा त्याच्या शेडमध्ये शिरला.

"सर, आमी गणपती करतो," काळुराम म्हणाला. "फार तर गौरी."

"हेही तसंच आहे. उभंच आहे."

काळुरामने वही काढली. "उभी मूर्ती. हात किती?"

"हात नाहीत."

"वाहन?"

सुजयने जरा विचार केला. "खडक."

काळुरामने लिहून घेतलं: उभी, हात नाय, खडकावर, शाडू, अडीच फूट. मध्ये वायरीसाठी एक प्लास्टिकचा पाइप ठेवायचं ठरलं. डोक्यावर काय, असं विचारलं तेव्हा सुजयने घुमट सांगितला आणि काळुराम खूश झाला. मुकुटाचे साचे त्याच्याकडे पन्नास होते.

पहिल्या खेपेला सुजय बघायला गेला, तर बत्तीला पोट होतं. पुढे आलेलं, व्यवस्थित. काळुराम म्हणाला की हात सवयीने तिकडे वळतो, चाळीस वर्षं घरात हेच काम. त्याने तारेने पोट कापून दिलं. दुसऱ्या खेपेला बत्ती पांढरी शुभ्र होऊन फळीवर उभी होती, घुमटासकट, खाली दोन गोल खिडक्या, एक दार. सुजयला इतकी आवडली की तो अर्धा तास तिच्यासमोर उभा राहिला आणि मागून मूर्ती नेणाऱ्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

तिसऱ्या खेपेला ती गुलाबी होती.

यात काळुरामची काही चूक नव्हती असं काळुरामचं म्हणणं. पेणच्या बाजूला पांढरी मूर्ती म्हणजे कच्ची मूर्ती. रंग न दिलेला माल. फळीवर पांढरं काही उभं दिसलं की रंगवाला ते उचलतो आणि फवाऱ्याने अंगरंग मारतो, हात आहेत का पाय आहेत का, बघत बसत नाही. एका दिवसात दोनशे नग काढायचे असतात. सुजयने ती परत पांढरी करवून घेतली. चार दिवसांनी ती परत गुलाबी, आणि आता खालच्या खडकाला पिवळा पितांबर. मग मात्र हेडक्लार्क जागा झाला. सुजयने शाळेतून पुठ्ठा आणला, त्यावर झोकदार अक्षरात लिहिलं "रंगकाम पूर्ण आहे", आणि तिसऱ्यांदा पांढऱ्या झालेल्या बत्तीच्या गळ्यात सुतळीने बांधला. त्याला वाटलं, आता कोणी हात लावणार नाही.

शेडमधली रीत त्याला ठाऊक नव्हती. रंगकाम पूर्ण झालेला माल पुढे जातो आखणीला. आखणी म्हणजे डोळे काढणं, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मानाचं काम. काळुरामकडे ते सरूमावशी करायच्या. पंचक्रोशीत त्यांच्यासारखे डोळे कोणी काढत नाही. आखताना त्या बोलत नाहीत, खात नाहीत, वर बघत नाहीत. समोर नग येतो, दोन गोल दिसतात, कुंचला चालतो. बत्तीलाही दोन गोल खिडक्या होत्या.

पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी सकाळी सुजय माल ताब्यात घ्यायला गेला आणि बत्तीने त्याच्याकडे पाहिलं. डोळे इतके सुंदर होते की त्याला आधी राग आलाच नाही. मायाळू, किंचित खाली झुकलेले. जेवलास का, असं कोणी विचारतंय असं वाटलं त्याला. मग राग आला.

"पुसून टाक," तो काळुरामला म्हणाला.

काळुरामने दोन पावलं मागे घेतली. "सर, आखलेलं डोळं पुसायचं नसतं. आनि मावशीनं आखलेलं? उद्या माझ्या शेडमधनं कोन माल नेल?"

सरूमावशी पलीकडे बसून होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वाईट झालं काय?"

"नाही हो," सुजय म्हणाला. दुसरं काय म्हणणार. डोळे खरंच वाईट नव्हते, फक्त ते बत्तीला होते.

काळुरामने बत्ती पाटावर ठेवली, वर तांबडं कापड घातलं आणि सूचना दिल्या. डोळ्यांचा रंग ओला आहे, वाटेत कापड उघडायचं नाही. पाण्यापासून जपायचं. "शाडू हाय सर. आमचा माल पान्यात विरघळायलाच केलेला असतो."

"टिकेल किती?"

"गॅरंटी दीड दिवसापासनं एकवीस दिवसांपर्यंत," काळुराम म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी नझीरभाईंच्या गाडीतून रोह्याला जायचं ठरलं होतं. पण कुवेतहून त्यांचा मुलगा तौहीद अचानक येणार असा फोन आला आणि गाडी विमानतळाला गेली. रोहिणी दोन दिवस आधीच माहेरी गेलेली. सुजय पेणच्या स्टँडवर उभा राहिला, हातात पाट, पाटावर कापडाखाली झाकलेली अडीच फुटी उभी वस्तू, आणि भुरभुर पाऊस म्हणून डोक्यावर टोपी. पेणच्या स्टँडवर असा माणूस दिसला की तो काय नेतो आहे हे कोणी विचारत नाही. माणसं बाजूला झाली. रोह्याची गाडी लागली तेव्हा ड्रायव्हरने स्वतःहून पुढचं दार उघडलं.

"ए भाऊ, ऊठ, बाप्पा हायत," कंडक्टरने पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं.

"नाही नाही," सुजय म्हणाला, "हे बाप्पा नाहीत."

पुढच्या दोन-चार सीटवरच्या माना वळल्या.

"मग काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"दीपगृह."

"असं बोलू नये," मागच्या बाईंनी सांगितलं आणि केसातलं फूल काढून कापडावर ठेवलं. लगेजचं तिकीट घ्यायला कंडक्टरने साफ नकार दिला. वडखळ जाईपर्यंत गाडीत आषाढात गणपती कसा यावर वाद लागला. एकजण म्हणाला, माघी गणपती राहिला असेल. दुसरा म्हणाला, माघी राहिला तर माघ येईपर्यंत थांबतात. तिसऱ्याच्या मते तो गेल्या वर्षीच्या साखरचौथीचा असावा, आमच्याकडे पितृपक्षातही गणपती बसतात त्यातला. यावर बऱ्याच जणांनी माना डोलवल्या. सुजयने दोनदा तोंड उघडलं. कापड उघडून दाखवता येत नव्हतं, आणि उघडलं असतं तर आत डोळे होते. मग त्याने मांडीवरचा पाट घट्ट धरला.

नागोठण्याला एक पागोटंवाले गृहस्थ शेजारी येऊन बसले. कापडाला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. "कुनाकडं न्यायचा?"

"रोह्याला. गुणाजी भोईरांकडे," सुजय म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नाही.

"बत्तीवालं? बाबाजीचं थोरलं भाऊ?" गृहस्थांचा चेहरा बदलला. "पन त्यांचा गनपती तर गावच्या घरात असतो." एवढं बोलून ते उठले, मागच्या सीटवर गेले आणि मोबाइल काढून हळू आवाजात बोलू लागले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भोईरांचा गणपती एकच. रोह्यापासून सहा किलोमीटरवर गावच्या घरात तो येतो, धाकटे भाऊ बाबाजी त्याचं करतात, आणि गुणाजी दरसाल पाच दिवस सहकुटुंब तिकडे जाऊन राहतात. जमिनी वाटल्या, विहिरीचं पाणी वाटलं, तरी चालतं. पण थोरल्याने आपल्या घरी वेगळा गणपती आणला तर त्याचा अर्थ एकच, की भाऊ वेगळे झाले. सुजयला हे माहीत होतं. पण आपल्या मांडीवर गणपती नाही हेही त्याला माहीत होतं, त्यामुळे त्याच्या डोक्यात काही आलं नाही.

रोह्याला तो चालत घरापाशी पोचला, तेव्हा अंगणात पंचाहत्तरीची माणसं जमली होती. दारात गिरजाबाई. त्यांनी पाट पाहिला, कापड पाहिलं, टोपी पाहिली. त्या तशाच आत गेल्या आणि भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. पन्नास वर्षं गावच्या घरात त्यांनीच गणपती दारात घेतलेला. त्यांच्या हातांनी त्यांना विचारलं नाही. भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुजयच्या पायांवर पाणी घातलं, आणि त्यातलं निम्मं पाटावर गेलं.

"आई, पाणी नको," सुजय म्हणाला.

तेवढ्यात गिरजाबाई भानावर आल्या. "जावय, ह्यो कसला गनपती? आता?"

"कुनाला इचारून?" मागून गुणाजी आले. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. आणि त्याच क्षणी फाटकात मोटरसायकल थांबली. मुलाच्या मागे बसून बाबाजी आले होते, सत्तरीचे, पायात चप्पल एकाच पायाची.

"दादा," बाबाजी म्हणाले, "वेगला गनपती आनलास? माझं काय चुकलं? नैवेद्याला कमी पडलं काय कधी?" आणि सगळ्यांसमोर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मी नाय आनला रे," गुणाजी म्हणाले. "ह्यांनी आनला. मी कधी सांगितलं नाय ह्यांना काय. कायच सांगत नाय मी ह्यांना."

एकोणीस वर्षांपूर्वी सुजयने शिडी सोडली होती, आज त्याने भोईरांचं घर मोडलं होतं. रोहिणी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "अहो, काय केलंत हे?" हातातला पाट जड झालेला. शेवटी त्याने तो ओट्यावर ठेवला आणि कापड ओढलं.

बाबाजींनी सवयीने हात जोडले होते. ते तसेच राहिले. अंगणातल्या साठ माणसांसमोर पांढरी बत्ती उभी होती, डोक्यावर सोन्याच्या वर्खाचा मुकुट, आणि दोन मायाळू डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत होती.

"ही कावळखडकाची बत्ती आहे," सुजय म्हणाला. "तुम्हाला जाता येत नाही म्हणून. डोळे चुकून आलेत."

बाबाजींनी डोळे पुसले आणि दादाकडे बघितलं. कोणी हसलं नाही, कारण गुणाजी हसले नव्हते. ते गुडघ्यांवर हात ठेवून ओट्याच्या पायरीवर बसले आणि बत्ती बघू लागले. मग बोलायला लागले.

"दार पश्चिमेला नव्हतं. पूर्वेला. पश्चिमेला दार ठेवलं तर लाट आत येल." सुजय मान हलवत होता. "काळे पट्टे हवे व्हते, तीन." फरझानाभाभींचे मामू बरोबर होते तर. "खिडक्या दोन नाय, पाच. कठडा करायचा राहिला. घुमट असला नव्हता, ह्यो कुनाचा तरी मुकुट हाय." त्यांनी बोटाने खडकाची कड दाबून पाहिली. गिरजाबाईंच्या पाण्याने शाडू तिथे विरघळून कोपरा खचला होता. "ह्यो कोपरा तेवढा बरोबर. दर्यानं असाच खाल्लाय."

सुजयने एकूण हिशोब केला. सबंध बत्तीत सासऱ्यांना पटलेली एकच गोष्ट निघाली, आणि ती सासूबाईंनी केली होती. तो आत जाऊन बसायला वळला.

"पेटते काय?" गुणाजींनी विचारलं.

पेटत होती. नझीरभाईंनी काल रात्री कापडाचं टोक उचलून घुमटात एक बल्ब बसवून दिला होता, पण बटण म्हणून त्यांच्याकडे घंटीचंच बटण शिल्लक होतं. दाबून धरलं की बल्ब लागे, सोडलं की विझे. तेही सदोषच. सुजयने वायर खोचली, बटण सासऱ्यांच्या हातात दिलं आणि हेही नीट झालेलं नाही म्हणून सांगून टाकलं.

गुणाजींनी बटण दाबलं आणि सोडलं. बत्ती एकदा चमकली आणि विझली. दिवस मावळला होता, ढगांमुळे अंगणात लवकर काळोख झालेला. गुणाजींचे ओठ हलत होते. परत दाबलं. परत ओठ हलले. चार-पाच वेळा असं झाल्यावर अंगणातल्या माणसांच्या लक्षात आलं. ते मोजत होते. दहा मोजून एकदा उजेड.

"दर बत्तीची मोजनी वेगली," ते म्हणाले. कोणाला सांगत होते कळलं नाही. "आपली दहाची. तांडेल लांबून मोजतो, दहा भरले म्हंजे कावळखडक. चुकून आठला पेटली तर तो समजल ही दुसरी बत्ती, आनि होडी दगडावर घालील. एका पावसाल्यात बत्ती फिरवायचं यंत्र बंद पडलं. मी आनि जोडीदार, आमी अकरा रात्री हातानं फिरवली. दोन-दोन तास. मोजत."

बाबाजी त्यांच्या शेजारी येऊन पायरीवर बसले. "दादा, ह्ये कधी सांगितलं नायस."

"तू कधी इचारलं नायस."

बाबाजी बत्तीकडे बघत राहिले, आणि बटण दाबलं गेलं की त्यांचीही मान हले. अर्धा तास गेला. आतून औक्षणाला हाका येत होत्या, पंचाहत्तर दिवे लावून बायका थांबल्या होत्या, पानं वाढली होती. कोणी जवळ येऊन म्हणालं, आता बंद करा, बाबा. गुणाजींनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो निघून गेला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. ओट्याच्या टोकाला सुजय बसला होता, मान खाली घालून.

"समेळ, इकडं या."

सुजय आला. गुणाजींनी त्याच्या हातात बटण ठेवलं आणि आपल्या हाताने त्याची बोटं त्यावर मिटली.

"दहा मोजायचे, मग दाबायचं. मी जेवून येतो. तवर उठायचं नाय. कोन बी हाक मारली तरी नाय. शिफ्ट तुमची."

ते बाबाजींच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. सुजय पायरीवर बसला आणि मोजू लागला. सात झाले तेव्हा खिशातला मोबाइल वाजला. त्याने तो वाजू दिला. रोहिणी दारात येऊन म्हणाली की सगळे जेवायला थांबलेत, बाबांचं औक्षण आहे, जावई नको का तिथे. "मला उठता येत नाही," सुजय म्हणाला, आणि तिच्याशी बोलण्याच्या भरात त्याचा आकडा कुठे राहिला ते त्याला समजेना.

आतून, पंचाहत्तर दिव्यांच्या पलीकडून, गुणाजींचा आवाज आला. त्यांची दाराकडे पाठ होती.

"बारा झाले, समेळ."

सुजयने घाईने बटण दाबलं, सोडलं, आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.